बीपच्या जागी अख्खी बस ओरडते

तुम्ही विचारा, आम्ही सांगतो

या वेळी रेडिओवरच्या ‘पार्टी गाण्यां’बद्दल तीन पत्रं आलीत, तिन्ही गोव्यातूनच, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका.

प्रश्न: मी डिचोलीहून रोज सकाळी ७ च्या बसने म्हापशाला कामाला जाते, पाचवीतली मुलगी सोबत असते, तिची शाळा तिथेच. ड्रायव्हर एफएम लावतो, ते ठीक आहे, पण हल्ली एक गाणं सारखं लागतं, त्यात रात्रभर पार्टी, धूर, ‘माल’ आणि वर गोव्याचं नाव. मधे एक शब्द बीप केलाय. तर मागच्या सीटवरची हायस्कूलची पोरं बरोबर त्या बीपच्या जागी तो शब्द ओरडतात. परवा मुलगी आंघोळीला गेली होती, आतून तेच गाणं, आणि बीपची जागा तिने पण भरली! मला विचारते, आई, माल म्हणजे काय गो? मी म्हटलं सामान. अशी गाणी रेडिओने लावावीत का? काही नियम आहे की नाही? मिस्टर म्हणतात तू उगाच टेन्शन घेतेस. – एक आई, डिचोली

उत्तर: ताई, गाण्यातला ‘माल’ म्हणजे ड्रग्ज, त्यावर तुमचं ‘सामान’ वाचून आधी हसलो, सॉरी, पण सकाळच्या बसच्या घाईत दुसरं सांगणार तरी काय होता तुम्ही.

नियम आहे. केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने १ डिसेंबर २०२२ ला सगळ्या एफएम चॅनलना लेखी सांगितलंय की दारू, ड्रग्ज, हत्यारं, गँगस्टर आणि गन कल्चर यांचा उदोउदो करणारी गाणी किंवा कार्यक्रम लावू नका, लावलेत तर कारवाई होईल. यामागे पंजाब आणि हरियाणा हायकोर्ट होतं, तिकडे पंजाबी गाण्यांतल्या बंदुका आणि नशा हा मोठाच विषय झाला होता. त्याशिवाय खाजगी एफएमला लायसन घेताना जो करार करावा लागतो त्यात आकाशवाणीचाच प्रोग्राम कोड आणि जाहिरात कोड पाळायची अट असते. म्हणूनच रेडिओवर तुम्हाला दारूची किंवा सिगारेटची जाहिरात ऐकू येत नाही. पण तीच बाटली गाण्यात आली की फुकटात वाजते, आणि वर लोक ते गाणं वाजवा म्हणून फोन करतात.

मग लागतात कशी ही गाणी? मी स्वतः एका स्टेशनवर ७ वर्षं प्रोग्रॅमिंगमध्ये काढलीत, तेव्हा आतली गोष्ट सांगतो. सोमवारी म्युझिक मीटिंग असायची, चार-पाच जण, चहा, आणि नवीन आलेली पंधरा-वीस गाणी. प्रत्येक गाण्याचा हूक, म्हणजे डोक्यात बसणारा तुकडा, तेवढा वाजवायचा, अर्धा मिनिट फार तर, आणि प्रश्न एकच, बसतंय का? शब्द कागदावर वाचलेत असं मला एकदाही आठवत नाही. त्यातून अर्धी गाणी पंजाबी, आम्ही सगळे फोंडा-म्हापसा-मडगावचे, आम्हाला ‘बल्ले’च्या पुढचं पंजाबी कळायचं नाही. एक गाणं आम्ही महिनाभर जोरात वाजवलं, मग एक दिवस वेर्ण्याहून एका ट्रक ड्रायव्हरचा फोन आला, सरदारजी होता, हसत हसत म्हणाला साहब, सुबह सुबह ये अफीम का गाना किस खुशी में? त्याने ओळीन् ओळ समजावून सांगितली तेव्हा आमचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. गाणं काढलं, पण महिना तर वाजून गेला होता ना.

आता तुमची बीप. याला आम्ही रेडिओ एडिट म्हणायचो, कंपनीकडूनच ते व्हर्जन यायचं, एखादा शब्द गाळलेला नाहीतर उलटा फिरवलेला, आणि आम्ही खूश की झालं आपलं काम. पण गाळलेला शब्द हा गाण्यातला सगळ्यात मोठ्याने ऐकू येणारा शब्द असतो हे तुमच्या बसमधल्या पोरांना आमच्यापेक्षा चांगलं कळलंय. आपल्याकडे भजनात बुवा अर्धी ओळ म्हणून थांबतो आणि पुढची अर्धी सगळ्यांनी उचलायची असते, तसंच झालं हे! बीप म्हणजे बुवाचं थांबणं.

माझं मत विचाराल तर एका गाण्यापेक्षा ते किती वेळा आणि कधी वाजतं हे जास्त महत्त्वाचं आहे. स्टेशनवर गाण्यांचे गट असतात, जे गाणं हिट म्हणून वरच्या गटात टाकलं ते कॉम्प्युटरच दर तीन-चार तासांनी आणून वाजवतो, म्हणजे तुम्ही सकाळी जाताना ऐकता, तेच संध्याकाळी येताना, आणि मधे सलूनमध्ये, गाड्यावर, पेट्रोल पंपावर चालूच. एकदा लागलं तर ते गाणं झालं, दिवसातून सहा वेळा लागलं की ती जाहिरात झाली, फक्त पैसे कोणी दिले नाहीत एवढंच. आपल्याकडच्या शाळा सकाळी आठच्या आसपास भरतात आणि दीड-दोनला सुटतात, मग सकाळी ७ ते ८ आणि दुपारी १ ते अडीच एवढा वेळ असली गाणी यादीतून बाजूला ठेवायला काय जातंय? सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते, गाण्यापुढे वेळ टाकायची, दोन मिनिटांचं काम. आम्ही भुताच्या सिनेमांची गाणी तशी रात्रीसाठी ठेवायचो, मला माहितीये.

आणि गाण्यापेक्षा वाईट असतं ते मधलं बोलणं. शुक्रवार आला की आरजेने, म्हणजे रेडिओवरच्या निवेदकाने, ओरडायचं, वीकेंड आला, गोव्यात आहात आणि घरी बसणार? हे मी लिहून दिलेलं आहे, कबूल करतो, अशी पन्नास तरी वाक्यं लिहिली असतील. ऐकणारा कोण, तर डिचोलीतला मुलगा, ज्याच्या घरी वडील खाण बंद पडल्यापासून टेम्पो चालवतात, आजी शिगम्याच्या नमनाची गाणी म्हणते, आणि हणजुणं-वागातोरचा पार्ट्यांचा किनारा त्याने शाळेच्या पिकनिकला एकदा बघितलाय. त्याच्या गावाच्या नावावर मुंबई-दिल्लीत बसून कोणीतरी गाणं लिहिलं, त्यात गोवा म्हणजे नुसता बीच, धूर आणि रात्र, आणि ते आम्ही त्यालाच परत ऐकवतो.

अजून एक गंमत बघा. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या घ्यायच्या तर जशाच्या तशा घ्यायच्या, एवढीच परवानगी. म्हणजे नियम असूनही रात्रभर ‘माल’चं गाणं वाजवायला प्रत्यक्षात कोणी अडवत नाही, पण त्याच रात्री किनाऱ्यावर कोण पकडला गेला हे त्याच आरजेने सांगायचं म्हटलं तर ते नियमात बसत नाही. पार्टीची रात्र रेडिओवर ऐकू येते, दुसऱ्या दिवशीची सकाळ कधीच नाही.

तक्रार करायची असेल तर तारीख, वेळ, कुठलं स्टेशन, गाण्याची एक ओळ असं लिहून ठेवा. आधी स्टेशनला मेल करा, खरंच वाचतात, तीन मेल एकाच गाण्याबद्दल आले की मीटिंगमध्ये विषय निघतो. उत्तर नाही आलं तर माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे, केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर ऑनलाइन टाकता येतं. पण त्याच्या आधी उद्या सकाळी ड्रायव्हरला सांगून बघा, पात्रांव, हे गाणं आलं की जरा आवाज कमी कर मरे, पोरं आहेत. त्याच्या घरी पण पोरं असतात. आणि मुलीला ‘माल’चा खरा अर्थ सांगून टाका, पाचवीत आहे, कळतं. मागच्या सीटवरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

प्रश्न: मी १७ वर्षांचा आहे. घरी, शाळेत सगळे म्हणतात ही गाणी ऐकून मुलं बिघडतात. मी रोज ऐकतो, मला तर सुपारीची पण सवय नाही. गाणं ऐकून कोणी ड्रग्ज घेतं का? आणि फोनवर सगळं आहेच ना, मग रेडिओवर बंद करून काय उपयोग? – एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर: अरे, तुझं अर्धं बरोबर आहे. एक गाणं ऐकलं आणि पोरगा गेला हाताबाहेर, असं होत नाही, असं सांगणाऱ्या काकांवर मी पण विश्वास ठेवत नाही. पण एक आकडा बघ. अमेरिकेत २००५ सालची सगळ्यात पॉप्युलर २७९ गाणी घेऊन संशोधकांनी शब्द तपासले, २००८ मध्ये ते छापून आलं, तर साधारण तिसऱ्या हिश्श्यात दारू, तंबाखू किंवा ड्रग्ज घेणं होतं, रॅपमध्ये ७७ टक्के आणि पॉपमध्ये फक्त ९ टक्के. म्हणजे सगळीच गाणी एका दोरीने बांधायला नकोत, हे तुझ्या बाजूने. पण त्याच पाहणीत हे पण दिसलं की जिथे परिणाम सांगितलाय तिथे तो बहुतेक वेळा मजेचाच असतो, मित्र, पैसा, पार्टी.

तू ‘एकच प्याला’ बघितलंयस का? फोंड्याचा आहेस म्हणजे जत्रेत कुठेतरी लागलं असेलच, गडकऱ्यांचं, १९१९ सालचं. त्यात तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ, लोक पोट धरून हसतात. पण तळीरामाला हसलेले तेच लोक शेवटी सिंधूसाठी, दारुड्या सुधाकराच्या बायकोसाठी, रुमाल काढतात, कारण नाटक तुम्हाला मधेच उठू देत नाही. पार्टी गाणं म्हणजे नुसता तळीरामाचा प्रवेश, तीन मिनिटांचा, आणि पडदा. सिंधू नाहीच. तू ऐक, मी बंद कर म्हणत नाही, फक्त ऐकताना या गाण्यात कोण गायब आहे ते बघत जा, सवय लागली की मजा येते.

फोनचं म्हणशील तर फोनवर तू शोधतोस म्हणून गाणं येतं. बसमधल्या त्या पाचवीच्या मुलीने काही शोधलं नव्हतं. फरक एवढाच आहे पण तो मोठा आहे. आणि जाता जाता, गाण्यात नसतं ते सांगतो, १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात अगदी थोडं ड्रग सापडलं तरी १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मग पोलीस क्लिअरन्स लागणारी नोकरी, पासपोर्ट... तुझ्या वयाच्या एका मुलाची ती धावपळ मी जवळून बघितलीय, म्हणून सांगतो.

प्रश्न: आमच्या वेळी पणजी आकाशवाणीवर काय एकेक गाणी लागायची. मी रेडिओवरच लहानाचा मोठा झालो. आता सरळ कायदा करून असली सगळी गाणी बंद करावीत, शब्दांची यादी करावी, वाजवलं की लायसन रद्द! तुमचं काय म्हणणं? – एक निवृत्त शिक्षक, पर्वरी

उत्तर: काका, शब्दांची यादी केली तर पहिल्यांदा आपलीच माणसं सापडतील. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत गावात जी कांतारां (कोकणी गाणी) म्हणतात त्यात फेणी येते, आणि फेणीला तर २००९ मध्ये जीआय टॅग मिळालाय, सरकारने अभिमानाने मिरवलेली गोष्ट यादीत घालणार का? शब्द पकडून उदोउदो पकडता येत नाही, दुःखाच्या गाण्यात पण दारू असते. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ सिनेमातलं ‘दम मारो दम’ आकाशवाणीने वाजवायचं थांबवलं. खरं म्हणजे तो सिनेमाच नशेने बिघडलेल्या मुलीचा, पण रेडिओला गाणं तेवढंच मिळतं, गोष्ट मिळत नाही, त्यामुळे त्यांची अडचण मला कळते. तरी आज ते गाणं कोणाला पाठ नाही सांगा. त्याच १९७१ मध्ये अमेरिकेत सरकारी खात्याने रेडिओवाल्यांना सांगितलं होतं की ड्रग्जच्या गाण्यांत काय म्हटलंय ते वाजवायच्या आधी माहीत करून घ्या, ‘बंद करा’ म्हटलं नव्हतं. येल युनिव्हर्सिटीचं रेडिओ स्टेशन त्याच्याविरुद्ध कोर्टात गेलं आणि १९७३ मध्ये हरलं. मला हे पटतं, आधी समजून घ्या मग वाजवा, आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये हेच होत नव्हतं.

आणि सरसकट बंदीचं काय होतं ते आपल्याच बी. व्ही. केसकरांनी दाखवून दिलंय. १९५२ मध्ये ते माहिती आणि प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, लोकांनी शास्त्रीय ऐकावं म्हणून. लोकांनी काय केलं, बटण फिरवलं आणि रेडिओ सिलोन लावला, अमीन सायानी आणि त्यांची दर बुधवारची बिनाका गीतमाला. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली.

काका, रेडिओवरच मोठे झालात म्हणता, मग खरं सांगा, बुधवारी रात्री ८ वाजता तुमच्या घरी काटा कुठे असायचा?