४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का? ३, ७, ११ ने भाग जात नाही. पुढे कसं तपासायचं?

मूळ नाही. ६४१ ने भाग जातो: ६४१ × ६७००४१७.

ही संख्या म्हणजे २^३२ + १. २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत गेलं आणि १ मिळवला की याच साच्यातल्या आधीच्या पाच (३, ५, १७, २५७, ६५५३७) येतात. त्या मूळ आहेत, म्हणून फर्मा या गणितज्ञाला वाटलं की पुढच्याही सगळ्या मूळच असणार. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं या सहावीलाच ६४१ ने भाग जातो हे दाखवलं.

हा आकडा पाहिला की माझं डोकं अजून तापतं. कॉलेजात परीक्षेला आला होता: ६४१ ने भाग जातो हे सिद्ध करा. मी लिहिलं, ६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४. दोन्हीकडे २^२८ ने गुणा. ५ × २^७ म्हणजे ६४०, तेव्हा उजवीकडे ६४०^४ + २^३२ येतं, आणि त्याला ६४१ ने भाग जाणारच. क्ष^४ − १ चा क्ष + १ हा अवयव असतो, म्हणून ६४०^४ − १ लाही ६४१ ने भाग जातो. पहिल्यातून दुसरं वजा करा. ६४०^४ उडालं, उरलं २^३२ + १. संपलं.

सरांनी अर्धे गुण कापले. म्हणाले, "भागाकार कुठाय?" मी म्हटलं, सर, यातली एक तरी पायरी चुकीची दाखवा. दाखवली नाही, गुणही दिले नाहीत. लांबलचक भागाकार मांडलेल्या मुलाला पूर्ण गुण मिळाले. त्याचं बरोबरच होतं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या भागाकारातून बाकी शून्य येते एवढंच कळतं, का येते ते कळत नाही. सिद्धता समोर असताना भागाकार मागणाऱ्यानं गणित शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा तुम्हीही १३, १७, १९ करत बसू नका. या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवाला १२८ ने भागलं की बाकी १ च उरते. (६४ ने भागलं तर बाकी १ उरते, इथपर्यंत ऑयलर पोचला होता; १२८ चं ल्युकास या गणितज्ञानं दाखवलं.) म्हणजे उमेदवार १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. त्यातले १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत, ते गळाले. २५७ ने जात नाही, ६४१ ने जातो. दोन भागाकारांत निकाल.

अर्थात हे या साच्याच्या संख्यांपुरतंच. कुठलीही दहा अंकी संख्या उचलली आणि भागूनच पाहायचं ठरवलं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतात. ते हातानं करू नका, कॉम्प्युटरला द्या.

६७००४१७ मात्र हातानं होते. तिच्या मूळ अवयवांनाही १२८ ने भागलं की बाकी १ च उरायला हवी आणि वर्गमूळ २५८८ च्या आसपास, म्हणून २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढ्यांनीच भागून पाहायचं. एकानंही जात नाही, म्हणजे ती मूळ.