टपावरचा सायकल कॅरिअर काढायचा कंटाळा येतो, कायमचाच ठेवला तर?

तुम्ही विचारलंय की दर रविवारी तुमची आणि मुलाची अशा दोन सायकली हॅचबॅकच्या टपावरून न्यायच्या असतात, दर वेळी कॅरिअर काढ-घाल करायला वेळ जातो, तर तो बारा महिने तसाच ठेवला तर गाडीला काही होईल का आणि पेट्रोल किती जादा जाईल.

आठ महिने ठेवा. बारा नको. मी कोल्हापुरात राहतो, पहिली तीन वर्षं माझा कॅरिअर मी एकदाही खाली उतरवला नव्हता, त्यामुळे या विषयात माझी फी भरून झालेली आहे.

पेट्रोलचं आधी उरकून टाकतो, कारण भीती सगळ्यांना त्याचीच असते. गावात फरक कळतच नाही. दाभोळकर कॉर्नरपासून रंकाळ्यापर्यंत जाताना ट्रॅफिक आणि सिग्नल जेवढं पेट्रोल पितात, त्यापुढं कॅरिअरच्या दोन आडव्या दांड्यांचं काय! वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतो. ताशी ४० वरून ८० वर गेलात की चौपट, १०० ला सहापटीच्या वर. म्हणजे फटका बसतो तो पुण्याच्या हायवेला. माझ्या गाडीला मोकळ्या कॅरिअरनं लिटरमागं साधारण एक किलोमीटर कमी पडतो, सायकली वर असल्या की जास्त. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं टपावरच्या मोठ्या, बोजड सामानपेटीसाठी शहरात २ ते ८ टक्के आणि हायवेला ६ ते १७ टक्के घट सांगितली आहे. मोकळा कॅरिअर पेटीएवढा वारा अडवत नाही. महिन्यातून एकदा पुण्याला जाणाऱ्यानं यासाठी झोप घालवू नये.

हायवेला दांडी शिट्टी घालायला लागली तर मात्र डोकं उठतं. त्यावर उपाय सुतळी. हसू नका. पुढच्या दांडीला सुतळी तिरकी, वीत-अर्धी वीत अंतर सोडत गुंडाळा. दांडीमागं वाऱ्याचे भोवरे एका लयीत सुटतात म्हणून आवाज होतो, गुंडाळीनं ती लय मोडते.

खरं दुखणं कॅरिअर टपावर ज्यांच्यावर टेकतो त्या रबरी पॅडच्या खाली असतं. तीन वर्षांनी एका कामासाठी कॅरिअर उतरवायला घेतला, तेव्हा टपावर चार ठिकाणी रंग असा मेला होता की जणू कुणी पॉलिश पेपर मारलाय. आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ, उसाच्या हंगामात हवेत काजळी, आणि वरनं पाऊस. हे सगळं पॅडखाली जाऊन बसतं. गाडी चालताना पॅड केसभर हलत राहतो. उद्यमनगरच्या कारखान्यांत धातू घासायची लॅपिंग पेस्ट ज्यानं पाहिलीय त्याला वेगळं सांगायला नको, तसंच काम तिथं वर्षभर चालू असतं. रंग गेला की पत्र्याला गंज. आणि दांडीवर कावळे बसतात ते वेगळंच. त्यांची घाण उन्हात टपावर वाळली की पॉलिशनंही डाग जात नाही. कव्हर घालून वाचवू म्हणाल तर कव्हर कॅरिअरच्या टोकांवर पहिल्या महिन्यातच फाटतं.

बोल्टांचीही तीच गत. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा क्लॅम्प पावसात महिनोन्‌महिने एकत्र भिजले की एकमेकांना धरून बसतात. चारपैकी एक बोल्ट माझ्याकडनं सुटलाच नाही. ॲलन की फिरवून फिरवून आतले कोपरे गोल झाले, शेवटी ग्राइंडरनं कापला. आता बसवतानाच आट्यांना थोडं ग्रीस लावतो.

पण यापेक्षा वाईट म्हणजे कायम असलेली गोष्ट दिसायची बंद होते. कॅरिअर रोज डोक्यावर असला की वर सायकल आहे की नाही, हे मन बघतच नाही. एकदा गगनबावड्याहून भिजून, दमून परत आलो आणि सवयीनं सरळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी घातली. गाडीची उंची दीड मीटर, वर सायकल उभी म्हणजे अडीचच्या पुढं, आणि आमचा बीम सव्वादोनावर. क्लॅम्प मी चांगले आवळलेले होते हो, म्हणून कॅरिअर हलला नाही. त्याऐवजी सायकलचा फोर्क वाकला आणि टपाचा पत्रा बसला. बायको खालीच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "कॅरिअर मात्र भारी आहे तुमचा."

तेव्हापासून सायकल वर चढली की माझं हेल्मेट गिअरच्या दांड्यावर अडकतं. हेल्मेट काढल्याशिवाय गिअर पडत नाही आणि काढताना आठवतं. परीख पुलाखालनं तर सायकली वर असताना मी जातच नाही, लांबनं वळसा घालतो. गणपतीत कमानी आणि लोंबणाऱ्या वायरी असतात, पण तोवर माझा कॅरिअर माळ्यावर गेलेला असतो.

माझा नेम आता असा आहे. मृग लागायच्या आधी कॅरिअर उतरवायचा, टप धुवायचा, पॅड साबणाच्या पाण्यानं घासायचे. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायचाच असतो, त्या दिवशी परत चढवायचा. पाने-ॲलन की पूजेला मांडलेल्याच असतात. कॅरिअर वर असेल त्या महिन्यांत गाडी धुताना चारी क्लॅम्प हातानं हलवून बघायचे. आवळताना जोर दाखवू नका, पत्रा दबतो. किती आवळायचं ते कॅरिअरच्या कागदावर लिहिलेलं असतं. सायकली न्यायच्या नसतील तेव्हा फक्त सायकलींचे ट्रे काढून दांड्या ठेवल्या तरी चालतं, दहा मिनिटांचं काम आहे आणि वाराही कमी अडतो.

तुमच्या टपाला रेल, म्हणजे दोन्ही कडांना लांबीत बसवलेल्या पट्ट्या, आहेत का ते लिहिलेलं नाही. असल्या तर आधी गाडीचं मॅन्युअल बघा, कारण आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकच्या रेल नुसत्या शोभेच्या असतात, वजन घेत नाहीत. टपावर किती किलो चालतं तेही तिथंच सापडेल, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजन धरायचं असतं. रेल नसतील तर तुमचे क्लॅम्प दाराच्या चौकटीत अडकलेले असणार. मग पावसाळ्यात ते काढाच. दाराचं रबर तिथं दबून राहतं आणि जोराच्या पावसात पाणी आत सीटवर उतरतं.

मागच्या दाराला अडकवायचा कॅरिअर घ्यावा का, असं कुणीतरी सुचवेल. त्यानं नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, पोलीस अडवतात आणि त्यांचं बरोबर असतं. रविवारी नुसतं पन्हाळ्यालाच जायचं असेल तर मात्र कॅरिअरच कशाला? वीस किलोमीटर तर आहे, घरातनंच सायकलवर टांग मारून जावा की. वाघबीळापासनं चढ लागतो, तिथं मुलाला पुढं सोडा.