क्षमा केली, तरी भीती का जात नाही?

"माझे पती नार्सिसिस्ट आहेत का, एवढेच मला सांगा," असे म्हणून त्या समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्या. नार्सिसिस्ट म्हणजे स्वतःलाच श्रेष्ठ मानणारी, टोकाची आत्मकेंद्री व्यक्ती. लग्नाला बारा वर्षे झाली होती आणि पती चर्चच्या मंडळीत प्रार्थना चालवणारे, सर्वांच्या आदरातले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरी मात्र बाईंचे बोलणे, मुलांना वाढवण्याची पद्धत, इतकेच काय, प्रार्थनेतले शब्दही पतीकडून रोज तपासले जात आणि बाईंनी हरकत घेतली की पत्नीने अधीन असावे हे बायबलमधले वचन पुढे येई. चर्चच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) येशूच्या शब्दांत साताच्या सत्तर वेळा क्षमा करण्याची आठवण करून दिली होती. "क्षमा तर मी करते, पण दाराशी त्यांची चाहूल लागली की पोटात गोळा येतो. माझा विश्वासच कमी पडतो आहे का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, कारण मी ज्यांना तपासलेले नाही त्यांचे निदान करणे योग्य नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत नार्सिसिस्टिक (आत्मकेंद्री) व्यक्तिमत्त्व विकाराची नऊ लक्षणे दिली आहेत. त्यांतील किमान पाच, तीही दीर्घकाळ आणि निरनिराळ्या प्रसंगांत दिसावी लागतात. शिवाय निदान हाती आल्याने त्यांचा दिवस सोपा होणार नव्हता.

त्यापेक्षा टीका कशी होते, हे आम्ही पाहिले. विवाहाचे अभ्यासक जॉन गॉटमन तक्रार आणि टीका यांत फरक करतात. "तू सांगून आली नाहीस, मला काळजी वाटली" ही तक्रार झाली, तर "तुला कुणाची पर्वाच नाही" ही टीका. तीत तुच्छता मिसळली की नाते पोखरले जाते. टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि अबोला यांना त्यांनी बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातील, विनाश घेऊन येणाऱ्या चार घोडेस्वारांचे नाव दिले, हे ऐकून त्या प्रथमच हसल्या.

यानंतर माझ्याकडून एक चूक झाली. मी दोघांना एकत्र बोलावले. पती अतिशय नम्रपणे बोलले, डोळ्यांत पाणी आणून प्रार्थनाही केली आणि मी प्रभावित झालो. घरी गेल्यावर मात्र बाईंनी माझ्यासमोर उच्चारलेल्या प्रत्येक वाक्याचा जाब त्यांना द्यावा लागला. तेव्हापासून, जिथे एक जण दुसऱ्याला घाबरतो तिथे दोघांशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय आणि मारहाण वा धमकी आहे का हे विचारल्याशिवाय मी एकत्र बैठक घेत नाही.

वचनांबाबतही स्पष्ट बोलणे भाग होते. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात, पत्नीने पतीच्या अधीन असावे असे सांगणाऱ्या बाविसाव्या वचनाआधी एकविसावे येते आणि ते एकमेकांच्या अधीन असण्याविषयी आहे. पंचविसाव्यात पतीसमोर ख्रिस्ताच्या आत्मार्पणाचा आदर्श ठेवला आहे. लूक १७:३ मध्ये क्षमेच्या आधी अपराध्याला दोष दाखवणे आणि त्याचा पश्चात्ताप आहे. क्षमा एकट्याने करता येते, परंतु समेटाला दोघे लागतात आणि विश्वास तर वागणूक बदललेली दिसल्यावरच हळूहळू परततो. म्हणून त्यांच्या पोटातला गोळा हा अविश्वासाचा पुरावा नव्हता, अनुभवातून शरीर जे शिकले होते त्याची ती खूण होती.

मारहाण नव्हती, हे खात्रीने कळल्यावरच आम्ही एक लहान वाक्य ठरवले: "मुलांसमोर माझी चूक काढू नका, काढलीत तर मी खोलीबाहेर जाईन." पतीच्या स्वभावाविषयी त्यात एक शब्दही नव्हता. चुकांवर बोट ठेवणारा प्रत्येक पती आत्मकेंद्री नसतो. काही जण असे वाक्य ऐकून दुखावतात, चिडतात, पण दुसऱ्या दिवशी जपून बोलतात. हे पती चार दिवस अबोल राहिले आणि पाचव्या दिवशी कौटुंबिक प्रार्थनेत त्यांनी 'कठीण झालेल्या अंतःकरणांसाठी' मोठ्याने विनंती केली. एरवी अशा वेळी त्या रडून माफी मागत. या वेळी त्यांनी आमेन म्हटले आणि मुलांना झोपवायला गेल्या.

पुढच्या भेटीत त्यांनी नार्सिसिस्ट हा शब्द एकदाही उच्चारला नाही. मुलांना घेऊन महिनाभर बहिणीकडे राहता येईल का, याची चौकशी त्या करून आल्या होत्या.