पाच वाजता आलेल्यालाही पूर्ण रोज?

प्रश्न : सर, संडे स्कूलमध्ये आम्हाला शिकवलं की साध्या लोकांना समजावं म्हणून येशू दाखले (म्हणजे बोधकथा) सांगायचा. मग बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) ४थ्या अध्यायात तोच म्हणतो की बाहेरच्यांना सगळं दाखल्यांतूनच मिळतं, म्हणजे ते बघतील पण त्यांना दिसणार नाही, हे कसं काय? आणि द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (मत्तय २०) तर मला पटतच नाही. मी बिल्डिंग साइटवर सुपरवायझर आहे, सकाळी आलेल्याला आणि संध्याकाळी पाचला आलेल्याला सारखाच रोज दिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोण येईल?
— एक वाचक, वसई

उत्तर : कुणी नाही येणार, सगळे पाचलाच उगवतील. तुम्हाला राग आला म्हणजे दाखला बरोबर लागलाय असं मी म्हणेन. ऐकणाऱ्यालाही तो राग यावा अशीच ती गोष्ट रचलेली आहे.

आता नीट बघा. मालक पहाटे माणसं घेतो, एक दीनार ठरवून, तो त्या काळचा दिवसाचा रोजच. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला जातो, तर अजून काही जण चौकात उभेच, का रे उभे, तर म्हणे आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. संध्याकाळी पैसे वाटताना मालक कारभाऱ्याला मुद्दाम सांगतो की शेवटच्यांपासून सुरुवात कर. इथेच सगळी गंमत आहे! आधी पहाटेवाल्यांना दिलं असतं तर ते दीनार घेऊन खुशीत घरी गेले असते, भांडणच नाही. पण त्यांना उभं राहून बघायला लावलंय. ठरलेलं त्यांना पूर्ण मिळालं, दुखतंय ते दुसऱ्याला मिळालं म्हणून.

आणि ही गोष्ट सांगितली कुणाला? थोडं मागे जा, मत्तयाचाच अध्याय १९, वचन २७. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्या मागे आलो, आम्हाला काय मिळणार? म्हणजे पहाटेवाला मजूर तोच की. येशू त्याला आधी आश्वासन देतो आणि लगेच ही गोष्ट ऐकवतो. आपण अध्याय २० पासून वाचायला घेतो म्हणून हे सुटतं, पण अध्यायांचे हे आकडे १३व्या शतकात पडलेत, मत्तयाने नाही घातलेले.

जुन्या काळी ओरिगेन, थोरला ग्रेगरी वगैरे ख्रिस्ती धर्मपंडितांनी त्या पाच वेळांचे जगाच्या इतिहासातले पाच कालखंड केले, आदामापासून नोहापर्यंत पहिला वगैरे. वाचायला मजा येते, पण मला ते ओढूनताणूनच वाटतं, पेत्राचा प्रश्न त्यात कुठेच उरत नाही.

मार्कचं म्हणाल तर ते शब्द बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातले आहेत, न ऐकणाऱ्या लोकांबद्दल त्याला सांगितलेले. त्या वचनावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण मार्कच्याच १२व्या अध्यायात खंडाने मळा करणाऱ्या दुष्ट कुळांचा दाखला ऐकून पुढाऱ्यांना बरोब्बर कळतं की हा आपल्यालाच बोलतोय, आणि ते त्याला पकडायला बघतात! म्हणजे डोक्यात शिरलं, पण वळायचं नव्हतं. मला तरी ते न दिसणं असलंच वाटतं. दावीद राजाचं उलटं झालं. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती एक मेंढी पळवणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, राजा भडकून म्हणाला त्याला मारलाच पाहिजे, नाथान म्हणाला तो माणूस तूच, कारण दावीदने दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवलं होतं, आणि दावीदने तो गुन्हा कबूल केला. सरळ तोंडावर सांगितलं असतं तर राजाने ऐकून तरी घेतलं असतं का?

तेव्हा दाखला वाचायचा तर आधी वरच्या चार ओळी वाचा, कुणी काय विचारलं, कोण कुरकुरतंय. उधळ्या पुत्राची गोष्टही लूक १५:१-२ पासून घ्या, तिथे परूशी (धर्मनियम कडकपणे पाळणारे यहुदी) कुरकुरतायत की हा पाप्यांबरोबर जेवतो. मग कळेल की त्या गोष्टीत, उधळून परत आलेल्या धाकट्याला बापाने जवळ केलं म्हणून चिडणारा मोठा भाऊ कशाला घातलाय.