रोल-प्लेइंग खेळाच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ करायला घेतलंयस तर आधी हे बघ

ड्रॅगन किती भारी काढता येतो, हा विचार तूर्तास बाजूला ठेव. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या रोल-प्लेइंग खेळाचं (ज्यात खेळाडू पात्रं होऊन साहसकथा खेळतात) १९७८ चं 'प्लेयर्स हँडबुक' मिळवून नीट बघ. मुखपृष्ठावर डेव्हिड ट्रॅम्पियरचं चित्र आहे. लढाई संपलीय, सरडेमानवांची प्रेतं पडलीत, एकजण तलवार पुसतोय आणि वर दोघं चोर त्या राक्षसी मूर्तीच्या डोळ्यातलं रत्न उचकटतायत. आता पुढे काय होणार? हा प्रश्न पडला की माणूस खेळायला बसतोच. मला आजही हे मुखपृष्ठ सगळ्यात सरस वाटतं.

याउलट याच खेळाच्या १९८३ च्या लाल डब्यावर लॅरी एल्मोरने ऐन झुंज रंगवली. पण योद्धा पाठमोरा आहे, त्यामुळे बघणारा सहज त्याच्या जागी जातो. पात्रांना कॅमेऱ्याकडे बघत उभं करू नकोस, ते पोस्टर होतं.

नावाची जागा पहिल्या कच्च्या रेखाटनातच सोड. नंतर अक्षरं कोंबलीस तर चित्राचा जीव जातो. कडेला छपाईसाठी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा चित्राचा जादा भाग, ठेव. नेमका किती, ते छापखान्याला विचार. आणि चित्र अंगठ्याएवढं करून बघ, कारण ऑनलाइन ते तेवढंच दिसतं. आकृती ओळखू येत नसेल तर रंग नाही, उजेड-अंधार बदल.