उरलेल्या सदतीस जणांविषयी

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. व्यसनमुक्ती केंद्रात रुजू होऊन महिना होत नाही तोच तू वजन कमी करण्याच्या इंजेक्शनबद्दल विचारलंस, याचं नवल वाटलं नाही. 'दारू सोडवणारं इंजेक्शन आलं' अशी बातमी छापून आली की घराघरांतून फोन येतात. आता ते तुलाच घ्यावे लागणार, म्हणून आधी तेच लिहिते.

ते इंजेक्शन म्हणजे सेमाग्लुटाइड, मुळात मधुमेहाचं औषध. ते घेणारे बरेच जण आपणहून सांगू लागले की दारूची ओढच कमी झाली, तेव्हा संशोधकांचं तिकडे लक्ष गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष 'जामा सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात आले. माणसं ४८, मुदत नऊ आठवड्यांची, डोस कमी. तलफ कमी झाली. ज्या दिवशी प्यायचे त्या दिवशीचं प्रमाणही घटलं. पिण्याचे दिवस मात्र तेवढेच राहिले. शिवाय ही माणसं उपचार मागायला आलेली नव्हती. आपल्याकडे कावीळ घेऊन, हात थरथरत येतो तो माणूस त्या चाचणीत नव्हता. मला या औषधाबद्दल खरंच आशा आहे आणि मोठ्या चाचण्यांची मी वाट बघते आहे. पण फोनवर विचारणाऱ्या बायकोला आज एवढंच सांग, की हा दारूवरचा मान्य उपचार अजून झालेला नाही आणि आपल्या हातात आज जे आहे तेही कमी नाही.

नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही औषधं कित्येक वर्षांपासून आहेत. यकृत बिघडलेल्या रुग्णाला डॉक्टर बॅक्लोफेनचा विचार करतात. यांतलं एकही जादूचं नाही, पण समुपदेशनाच्या जोडीने दिली तर बऱ्याच जणांना तगवतात. आता केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने 'एम्स'कडून करून घेतलेलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं सर्वेक्षण काय म्हणतं ते बघ. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. ज्यांना पिण्यामुळे मदतीची गरज आहे असे ५.७ कोटी. आणि दारूवर पुरते अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे कसलाही उपचार मिळालेला एक. उरलेले सदतीस कुठे असतात? घरी, शेतावर, रिक्षा स्टँडवर, सरकारी दवाखान्यात 'पोटात जळजळ होते' म्हणून गोळी घेणाऱ्यांच्या रांगेत. नवं संशोधन वाचशील तेव्हा दर वेळी स्वतःला विचार, की यातलं काय या सदतीस जणांपर्यंत पोचेल? मी तरी याच कसोटीवर कुठल्याही शोधाची किंमत करते.

या कसोटीवर मला सर्वांत मोलाचं वाटतं ते काम आपल्या शेजारी, गोव्यात झालं. 'संगाथ' या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. २०१७ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये आली. ताप-खोकल्यासाठी आलेल्या पुरुषांना 'ऑडिट' या, पिण्याची पातळी जोखणाऱ्या प्रश्नावलीतले दहा प्रश्न विचारले. ज्यांचं पिणं धोक्याच्या पातळीवर गेलं होतं, पण दारूवर पूर्ण अवलंबून नव्हते, त्यांच्यातल्या निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले आणि निम्म्यांना त्याच्या जोडीने जास्तीत जास्त चार वेळा समुपदेशन. समुपदेशन करणारे कोण? मानसोपचाराचं कुठलंही आधीचं शिक्षण नसलेली, प्रशिक्षण देऊन तयार केलेली स्थानिक माणसं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, इतरांपैकी २६ टक्के. वर्षाने पुन्हा बघितलं तेव्हा फरक वाढलेला: ५४ टक्के आणि ३२ टक्के.

हे आकडे पाठ करू नकोस, समजून घे. तिथे कुणी 'सोड नाहीतर मर' असं म्हटलं नाही. पिण्यामुळे त्या माणसाच्या स्वतःच्या आयुष्यात काय बिघडलंय ते त्याच्याच तोंडून काढून घेतलं, मग कुठल्या वेळी, कुणाबरोबर, कुठल्या मनःस्थितीत पाय गुत्त्याकडे वळतात ते त्याच्याचबरोबर शोधलं, आणि तिथे काय करायचं याचा सराव केला. पहिल्या भेटीत निम्मा वेळ आपण गप्प राहायचं असतं. हे शिकायला फार कष्ट पडतात, कारण रुग्णाची बायको शेजारी रडत असते आणि आपल्याला त्याला चार शब्द सुनवावेसे वाटतात. याच अभ्यासाची दुसरी बाजूही ठेव मनात: तीन महिन्यांनी बघितलं तेव्हा घरातल्या मारहाणीत या समुपदेशनाने फरक पडलेला दिसला नाही. म्हणून बाईला कधीही 'तो पिणं सोडेल, मग हात उगारणंही थांबेल' असा शब्द देऊ नकोस. तिच्याशी वेगळं, एकटीला बसवून बोल. तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था त्याच्या दारू सोडण्यावर अवलंबून ठेवू नकोस.

आता वॉर्डातलं. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांत भ्रम होणं, अंगाला प्रचंड कंप सुटणं, नसलेली माणसं दिसणं असं होऊन जीवही जाऊ शकतो. गणपतीच्या दहा दिवसांत किंवा माळ घातल्यावर एकदम सोडणारे आपल्याकडे खूप. त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवून सांग, की सोडायचीच आहे तर डॉक्टरांच्या नजरेखाली सोड. थायमिनचं इंजेक्शन आणि योग्य गोळ्या यांनी हे दिवस सुखरूप पार पडतात. दुसरी गोष्ट, चहात न कळत मिसळायच्या पावडरी. त्यांच्या जाहिराती तू बघितल्याच असशील. त्यात काय असतं ते कुणालाच माहीत नसतं, आणि डायसल्फिराम असेल तर वरून दारू पोटात गेल्यावर रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाला न सांगता औषध द्यायचं नाही, यात तडजोड नाही.

गर्द, म्हणजे हेरॉइनची पूड, घेणाऱ्या पोरांचं मात्र वेगळं आहे, आणि इथे तुला तुझ्याच सहकाऱ्यांशी वाद घालावा लागेल. 'टर्की', म्हणजे नशा बंद केल्यावरचा त्रास, काढली, पंधरा दिवस ठेवलं, घरी सोडलं, असं आपण वर्षानुवर्षं करत आलो. पण शरीराची सवय मोडलेला मुलगा बाहेर जाऊन पूर्वीइतकाच डोस घेतो तेव्हा श्वास थांबतो. नुसतं शरीर स्वच्छ करून सोडणं हे ओपिऑइडच्या, म्हणजे गर्दसारख्या अफूच्या जातीच्या पदार्थांच्या, बाबतीत धोक्याचं आहे. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही त्याच जातीची, पण देखरेखीखाली गर्दच्या जागी द्यायची औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत २००५ पासून आहेत. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब सांगतो की या उपचारात असताना मृत्यूचा धोका उपचाराबाहेर असतानाच्या निम्म्याहूनही कमी असतो. आपल्याकडे 'नॅको'च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिन मिळतं. पंजाबने तर २०१७ पासून त्यासाठी बाह्यरुग्ण दवाखान्यांचं जाळं उभं केलं. तरीही 'एक नशा सोडून दुसरी लावली' हे वाक्य तुला शिकलेल्या माणसांकडून ऐकू येईल. ज्या मुलाचा हात दिवसभर चोरीसाठी वळवळत होता तो गोळी घेऊन कामावर जातो, पगार आईच्या हातात देतो, सुईतून होणाऱ्या एचआयव्हीपासून वाचतो. याला मी उपचारच म्हणते, आणि वर्षानुवर्षं चालला तरी हरकत नाही.

एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनवर, तसं कुठलंही औषध नाही. २०१५ मध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली आलं, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी एकाच तपासात पुणे, कुरकुंभ आणि दिल्लीतून मिळून शेकडो किलो माल पकडला, यावरून बाजार केवढा आहे ते कळतं. ही पोरं झोप उडालेली, संशयाने पछाडलेली येतात. उतरल्यावर मनाने खोल खचतात. त्या चार-पाच दिवसांत आत्महत्येचा विचार येतो का हे स्पष्ट शब्दांत विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तेजक पदार्थांवर, म्हणजे कोकेन आणि मेथवर, आजवर सर्वांत पक्का पुरावा मिळालाय तो एका साध्या पद्धतीला: लघवीची तपासणी स्वच्छ आली की तिथल्या तिथे छोटं बक्षीस. आपल्या केंद्राला पैसे नसतील, पण ठरलेली तपासणी, ठरलेला दिवस आणि ताबडतोब मिळणारी कौतुकाची काही वस्तू, एवढं करून बघता येईल. 'व्यसन्याला बक्षीस कसलं?' असं विश्वस्त म्हणतील. तेव्हा अभ्यास त्यांच्यापुढे ठेव.

कायद्यातल्या दोन गोष्टी माहीत असू देत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास मानसिक आजारांत धरले आहेत. त्यामुळे रुग्णाला साखळीने बांधणं गुन्हा आहे, मग ते 'शिस्तीसाठी' असो की 'पळून जाऊ नये म्हणून'. असं कुठे दिसलं तर गप्प बसू नकोस, नोकरी नवी असली तरी. दुसरं, एनडीपीएसचं कलम ६४-अ: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, उपचार अर्धवट सोडले तर ते जातं. किती घरं ही माहिती नसल्यामुळे पोराला दवाखान्यात आणायलाच घाबरतात.

धोरणाबद्दल तू विचारलंस, की बंदी बरी की महसूल? गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बाटली आडवी करणाऱ्या बायकांच्या बाजूने मी कायम राहीन. त्यांच्यासाठी हा प्रश्न घरातल्या पोळीचा आहे. पण बंदीच्या जिल्ह्यात उपचार केंद्र नसेल तर पिणारा हातभट्टीकडे वळतो. म्हणून गडचिरोलीतला 'मुक्तिपथ' हा उपक्रम मला महत्त्वाचा वाटतो: २०१६ पासून गावसंघटना, अवैध विक्रीवर दबाव आणि उपचार हे तिथे एकत्र चालतात. किमतीचंही तसंच. स्कॉटलंडने २०१८ मध्ये दारूला किमान किंमत लावली; दारूमुळेच होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी घटले, आणि सर्वांत जास्त गरीब वस्त्यांत. पण पूर्ण अवलंबून असलेल्यांनी पिणं फारसं कमी केलं नाही, काहींच्या घरखर्चाला मात्र कात्री लागली. जून २०२५ मध्ये आपल्या राज्यानेही भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. त्या वाढीव उत्पन्नातला ठराविक वाटा उपचारासाठी राखून ठेवा, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरायला हवी.

अमेरिकेतल्या ओरेगनचंही ध्यानात ठेव. त्या राज्याने २०२० च्या मतदानाने थोड्या प्रमाणात अमली पदार्थ जवळ बाळगणं गुन्ह्याच्या यादीतून काढलं, पण उपचारांचा पैसा उशिरा पोचला, रस्त्यावरचं चित्र बिघडलं, लोक चिडले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा गुन्हा ठरलं. शिक्षा कमी करणं मला योग्यच वाटतं. पण दवाखाना आधी उभा राहायला हवा.

बायकांबद्दल स्वतंत्र पत्र लिहीन, कारण पिणाऱ्या बाईला आपल्या समाजात दाराबाहेर पडणंच अवघड. पुण्याच्या 'मुक्तांगण'ने त्यांच्यासाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग केला. तो एकदा जाऊन बघ.

तोवर एक काम सोपवते. तुझ्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेट. ऑडिटचे दहा प्रश्न मराठीत छापून ने आणि आठवड्यातून एक दिवस तिथल्या ओपीडीत बसायची परवानगी माग. आशाताईंना सोबत घे, गाव त्यांना ओळखतं. खाली केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत छाप. आणि जे सोडून पुन्हा पितात, त्यांची वेगळी यादी करून दर पंधरा दिवसांनी फोन कर, रागावण्यासाठी नव्हे, 'ये परत' म्हणण्यासाठी. अधिकारी काय म्हणाले ते कळव. नाही म्हणाले तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र कसं लिहायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
ताई