बॅज ‘डिलक्स’चा, पण मशीन बनवली कुणी?

प्रश्न: नमस्कार, सासूबाईंची जुनी काळी शिलाईची पायमशीन आहे आमच्याकडं, सासऱ्यांनी गोव्यातनं आणलेली. बॅजवर नुसतं ‘डिलक्स’ लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात जपान. एक मेकॅनिक म्हणतो सिंगर, दुसरा म्हणतो उषा. मधेच टाका सुटतो, आणि कंपनीच कळंना तर पार्ट मागायचे तरी कुठल्या नावानं? सांगा की. – एक वाचक, खानापूर

उत्तर: ताई, आधी त्या बॅजचा नाद सोडा. डिलक्स हे कारखान्याचं नाव नव्हे, विकणाऱ्यानं लावलेलं नाव आहे, आणि तेच नाव वेगवेगळ्या कारखान्यांच्या मशीनवर सापडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी सिंगर १५ मॉडेलची घडण उचलली, पार्टची मापं सगळ्यांनी मिळून एकसारखी केली आणि ढिगानं मशिनी परदेशी पाठवल्या, मग तिकडचा व्यापारी त्याला पाहिजे ते नाव लावून विकायचा. म्हणून अशी नावं शेकड्यांनी आहेत. मेकॅनिक लोकांचाही दोष नाही, उषाचं जुनं काळं डोकंसुद्धा, म्हणजे टेबलावरची लोखंडी मशीन, त्याच घडणीचं असतं, वरनं बघून फसायला होतंच.

खरी खूण पोटाखाली असते. पट्टा काढा, डोकं मागं कलतं करा, खाली साठलेला ओशटपणा रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघा, ओतीव लोखंडात जे-ए नाहीतर जे-सी आणि पुढं आकडा असा उठाव दिसतो का. हे जपानी कारखान्यांचे कोड आहेत. दोन्ही असले तर दोन्ही लिहून घ्या, कारण बॉडी एकीकडं ओतायची आणि जोडणी दुसरीकडं असं सर्रास चालायचं. काही आकड्यांवरनं कारखाना कळतो, काहींचा आज माग लागत नाही, हे आधीच सांगते. कुठं ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं दिसलं तर मात्र काळ पक्का, १९४७ ते १९५२, जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता तेव्हाचा. आणि बेडवरचा, म्हणजे डोक्याच्या खालच्या सपाट पाटावरचा, सीरियल नंबर सिंगरच्या नंबरवरनं वर्ष सांगणाऱ्या तक्त्यात शोधत बसू नका, तो तक्ता फक्त सिंगरचा, वर्ष भलतंच निघेल. वरच्या सोनेरी नक्षीला स्पिरिट किंवा थिनर अजिबात लावू नका हं, पॉलिशसकट नक्षी निघून येते आणि परत काही बसत नाही, तिथं मशीनचं तेल आणि मऊ सुती कापड एवढंच.

आता तुमचं खरं काम. पार्टसाठी कारखान्याचं नाव लागतच नाही. मापं एकच असल्यामुळं साधी घरगुती एचए×१ सुई चालते, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) १५ क्लासची, दोन्ही बेळगावात खडेबाजाराकडं गेलात की मिळायला अडचण नाही. टाका सुटतो तर पहिल्यांदा सुईच बदला, ब्लाऊजच्या कापडाला १४ नंबर, आणि सुईची चपटी बाजू डावीकडं, दोरा उजवीकडनं डावीकडं ओवायचा. उलटी बसली की टाका धरतच नाही, आणि जुन्या मशीनवर निम्म्या तक्रारी याच्याच असतात. बॉबिन केस, म्हणजे बॉबिन बसते ती डबी, घ्यायची झाली तर जुनी बरोबर न्या, तिच्या वरच्या बोटाची, म्हणजे बाहेर आलेल्या टोकाची, जागा सगळ्यात सारखी नसते, जुळवूनच घ्या.